पानिपताच्या पलीकडचे मराठे आणि बलुचांचा प्रश्न
(नभोवाणीवरील भाषण)



बलुचिस्थान हे नाव उच्चारताच आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या मनात बहुधा दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक, वर्तमानपत्रांतून येणाऱ्या स्फोटांच्या व चकमकींच्या बातम्या. आणि दुसरी, पानिपतावर पकडले गेलेले मराठे त्या डोंगरांत अद्यापि नांदत आहेत ही कर्णोपकर्णी आलेली कथा. पहिलीने आपण घटकाभर अस्वस्थ होतो, दुसरीने घटकाभर सुखावतो, आणि दोन्ही विसरून आपापल्या उद्योगास लागतो. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे, आणि त्या संबंधाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बलुचिस्थान आपणांस वाटतो तितका परका मुलूख नाही. सिंध प्रांत इ. स. १९३६ च्या एप्रिलपर्यंत मुंबई इलाख्यात मोडत होता. त्यामुळे ज्या सरकारचा कारभार मुंबईहून व पावसाळ्यात पुण्याहून चाले, त्याच सरकारची वायव्य सीमा जॅकोबाबादच्या पलीकडे, बुगटी आणि मरी टोळ्यांच्या डोंगरांशी भिडलेली होती. कराचीत मराठी वस्ती होती. तेथील नामांकित नारायण जगन्नाथ हायस्कूल हे नारायण जगन्नाथ वैद्य ह्या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाते. पुढे ज्या स्टाफ कॉलेजामुळे क्वेट्टा शहराचे नाव सर्व सैन्यात झाले, ते कॉलेज इ. स. १९०५ साली नाशकाजवळ देवळालीस सुरू झाले आणि दोन वर्षांनी क्वेट्ट्यास हलविण्यात आले. सारांश, एके काळी आपली आणि त्या मुलखाची सरहद्द एकच होती. ती तुटून आता पुष्कळ वर्षे लोटली, म्हणून आपण तिला विसरलो, इतकेच.

आता त्या कथेकडे वळू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्या दिवशी अहमदशहा अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्यांत कलातच्या मीर नसीरखानाचे बलुच होते. हा नसीरखान इ. स. १७४९ पासून १७९४ पर्यंत कलातच्या गादीवर होता आणि बलुच इतिहासात त्याच्याइतका कर्तबगार खान दुसरा झाला नाही. इ. स. १७५८ साली त्याने अब्दालीविरुद्ध मान वर केली. अब्दालीने कलातला वेढा घातला, पण किल्ला पडेना. अखेर तह झाला, तो असा की, खानाने खंडणी देऊ नये, मात्र अफगाण बादशहा परमुलखावर स्वारी करील तेव्हा त्यास फौज पुरवावी. ह्या तहान्वये बलुच पथके हिंदुस्थानात आली. परंपरा असे सांगते की, ह्या फौजेच्या मोबदल्यात अब्दालीने युद्धकैद्यांपैकी काही हजार मराठे नसीरखानाच्या स्वाधीन केले. खानाने ते आपल्या ताब्यातील टोळ्यांमध्ये वाटून दिले. आणि त्यांपैकी जे डेरा बुगटीच्या आसपास राहिले, त्यांच्या वंशजांस आज ‘बुगटी मराठा’ म्हणतात. त्यांच्यात शाहू, पेशवानी, गढवानी अशा नावांच्या शाखा असल्याचे वृत्तान्त अलीकडे पुष्कळ प्रसिद्ध झाले आहेत. लग्नात हळद लावण्याची चाल आहे, आईस ते ‘आई’ म्हणतात, असेही लिहिले गेले आहे.

ह्यात खरे किती आणि मानलेले किती, ह्याचा निवाडा शांतपणे केला पाहिजे. बुगटी टोळीत मराठा नावाचा गट आहे, ही गोष्ट निर्विवाद आहे. पानिपतावर हजारो माणसे कैद होऊन अफगाणांबरोबर पश्चिमेस गेली, हेही निर्विवाद आहे. परंतु पानिपताच्या रणांगणापासून डेरा बुगटीच्या डोंगरापर्यंत ही माणसे कोणत्या मार्गाने व किती संख्येने पोहोचली, ह्या मधल्या दुव्यास परंपरेखेरीज भक्कम आधार नाही. एखाद्या शब्दावरून वंश ठरविणेही धोक्याचे आहे. ‘आई’ हा शब्द काठेवाडातील चारणही आपल्या देवींस लावतात. तेवढ्यावरून ते कोणी महाराष्ट्रीय ठरत नाहीत. हळद तर निम्म्या हिंदुस्थानात लावतात. म्हणून परंपरा संभाव्य आहे, तिला पोषक अशी चिन्हे आहेत, पण ती कागदोपत्री सिद्ध झालेली नाही, इतके म्हणून थांबणे इष्ट. ज्या पुण्यात इ. स. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि कागदाशिवाय बोलू नये हा दंडक घालून देण्यात आला, त्या पुण्याच्या श्रोत्यांस हे निराळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

परंतु समजा, परंपरा अक्षरशः खरी आहे. तरी पुढचा प्रश्न उरतोच. ह्या मंडळींस आज काय म्हणावे? ते मराठे आहेत की बलुच?

बलुच टोळी म्हणजे काय हे समजून घेतल्याशिवाय ह्याचे उत्तर देता येणार नाही. आपली समजूत अशी असते की, टोळी म्हणजे एका पूर्वजाची संतती. तसे ते नाही. इ. स. १९०१ च्या खानेसुमारीच्या निमित्ताने ज्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ह्या टोळ्यांची बारकाईने पाहणी केली, त्यांस असे आढळून आले की, रक्ताचे नाते हे बहुतांशी मागाहून जुळविलेले असते. खरे बंधन असते ते बऱ्यावाइटात वाटेकरी होण्याचे. कोणी परका मनुष्य टोळीच्या आश्रयास येतो. टोळीच्या वैरात आपला जीव धोक्यात घालतो, खुनाच्या दंडाचा आपला हिस्सा भरतो. काही काळाने त्यास जमिनीचा वाटा मिळतो. पुढे त्या घरी मुलगी दिली जाते. आणि दोन-तीन पिढ्यांनी भाट त्याचे नाव टोळीच्या वंशावळीत गोवून टाकतो. टोळीचा मुख्य जो तुमणदार, त्याच्याशी असलेली निष्ठा हीच टोळीची वीण. पठाण, जाट, सिंधी, हबशी अशा नाना वंशांची माणसे ह्या रीतीने बलुच झाली आहेत.

ह्यात आपणांस नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील कुळी, वतने आणि देशमुखी ह्यांच्या कागदपत्रांतही मिरासदार व उपरी असा भेद आढळतो, आणि कालचा उपरी आज मिरासदार झालेला दिसतो. खुद्द पानिपतावर आपल्या तोफखान्याचा मुख्य इब्राहिमखान गारदी होता. तो धर्माने मुसलमान, त्याचे शिपाई बहुतेक तेलंगे. आणि तो भाऊसाहेबांशी इमान राखून मेला. त्या दिवशीसुद्धा ‘आपला’ कोण हे रक्तावरून किंवा धर्मावरून ठरले नव्हते. अब्दालीच्या बाजूच्या इब्राहिमखानाच्या धर्मबंधूंनी त्यास आपले म्हटले नाही, आणि आपण त्यास परके म्हणत नाही.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टोळीत शिरण्याचा दरवाजा उघडा असला, तरी आतील पायऱ्या उंच-सखल होत्या. कैदी म्हणून आलेल्यांचा दर्जा प्रारंभी दासांचाच असणार. मरी व बुगटी टोळ्यांत मराठा म्हटल्या जाणाऱ्या लोकांकडे पिढ्यान् पिढ्या शेतीची आणि अंगमेहनतीची कामे असत व अस्सल बलुच त्यांस आपल्या बरोबरीचे मानीत नसे, असे जुने लेख सांगतात. तेव्हा ‘मराठा’ हा शब्द आपल्या कानांस जसा पराक्रमाचा वाटतो, तसा तो त्या डोंगरांत सदैव वाटला असेल असे नाही. आपण ज्या नावाने त्यांचा गौरव करू पाहतो, त्याच नावाने कदाचित त्यांच्या आजोबा-पणजोबांस हिणविले गेले असेल. आता ते शिकले आहेत, शेतीवाडीचे धनी आहेत, आणि आपणांस बुगटी व बलुच म्हणवितात. धर्माने ते मुसलमान आहेत आणि बलुची हीच त्यांची मातृभाषा आहे. ही जागा त्यांनी अडीचशे वर्षे कष्ट करून मिळविलेली आहे. ती त्यांच्याकडून काढून घेण्याचा अधिकार, मग तो प्रेमापोटी का असेना, आपणांस कोणी दिला?

मराठे आणि बलुच ह्यांची आणखी एक भेट इतिहासात नमूद आहे, आणि तिला मात्र भरपूर कागद आहेत. इ. स. १८३९ साली इंग्रजांनी अफगाणिस्थानच्या स्वारीच्या वेळी कलातवर हल्ला केला व खान मेहराबखान लढता लढता मारला गेला. पुढल्या वर्षी, म्हणजे १८४० च्या उन्हाळ्यात, मुंबईच्या पाचव्या देशी पायदळाच्या थोड्या शिपायांनिशी कॅप्टन लुई ब्राऊन हा मरी टोळीच्या कहान ह्या ठाण्यात अडकून पडला. त्याच्या कुमकेस निघालेली फौज ३१ ऑगस्टला नफुस्क घाटात मरींनी उधळून लावली. कित्येक माणसे तहानेनेच मेली. अखेर सप्टेंबरच्या शेवटी मरींचा सरदार दोदा ह्याने शब्द दिला की, ठाणे सोडून जा, वाटेत तुमच्या केसास धक्का लागणार नाही. तो शब्द त्याने अक्षरशः पाळिला. उपासमारीने व तापाने खंगलेली ती पलटण सुखरूप परत आली. ह्या कामगिरीचा गौरव म्हणून १८४१ साली तिला ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मिळाला. हीच आपली ‘काळी पाचवी’, मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण. आणि ‘कहान’ हे तिच्या युद्धसन्मानांपैकी एक आहे. मराठी शिपायांच्या मानचिन्हावर कोरलेले हे नाव ज्या गावाचे, तेथून बुगटींचा मुलूख काही फार दूर नाही. पानिपतच्या मराठ्यांचे वंशज खरोखरच त्या डोंगरांत असतील, तर ह्या वेढ्याच्या वेळी ते तटाच्या दुसऱ्या बाजूस असणार! रक्त कोणाचे आणि निशाण कोणाचे, ह्याचा मेळ इतिहास असा घालीत असतो.

आता खुद्द बलुचांच्या प्रश्नाकडे येऊ. हा समाज एकजिनसी नाही. त्यात बलुची बोलणारे आहेत. ती भाषा इराणी कुळातील, फारसीची दूरची बहीण. त्यात ब्राहुई बोलणारेही आहेत. आणि ब्राहुई तर द्राविडी कुळातील, म्हणजे आपल्या शेजारच्या कानडी-तेलुगूची नातलग. कलातचे खान ब्राहुई टोळ्यांतलेच. तरीही दोन्ही भाषा बोलणारे आपणांस एक मानतात. ह्या समाजाच्या मुलखातून परक्यांनी रेघा ओढल्या. १८७१ मध्ये गोल्डस्मिड साहेबाने इराणची हद्द आखिली, १८९३ मध्ये ड्युरँड साहेबाने अफगाणिस्थानची. एका समाजाचे तीन राज्यांत वाटे झाले. इंग्रजी अमलाखालील भागात सँडमनने जी पद्धती घातली, तिचे मर्म असे की, सरदारास तनखा द्यावा, त्याच्या माणसांस पहाऱ्याची चाकरी द्यावी, आणि न्यायनिवाडा जिर्ग्यावर सोडावा. शांतता झाली खरी. परंतु शाळा, रस्ते व लोकमत ह्यांची वाढ खुंटली, आणि सरदार आपल्या लोकांस जबाबदार राहण्याऐवजी साहेबास जबाबदार झाला. सरकारने सरदारास विकत घ्यावे व प्रजेस विसरावे, हा धडा पुढील राज्यकर्त्यांनीही गिरविला.

बलुच राष्ट्रवाद ह्या दुहेरी जाचातून जन्मास आला. इ. स. १९३१ च्या सुमारास युसुफ अझीझ मगसी ह्या तरुण सरदारपुत्राने अंजुमन-इ-इत्तेहाद-इ-बलुचान ही संस्था पुढे आणिली. इंग्रजांच्या सत्तेइतकीच सरदारांच्या बेबंद सत्तेवरही त्याची टीका होती. १९३२ च्या डिसेंबरात जॅकोबाबादेस, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, बलुच परिषद भरली. परंतु ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्ट्यास जो भयंकर भूकंप झाला, त्यात हा तरुण गाडला गेला. त्याच्यामागे १९३७ साली कलात स्टेट नॅशनल पार्टी निघाली आणि मीर घौसबक्ष बिझेंजो ह्यांच्यासारखे पुढारी पुढे आले.

१९४७ साली इंग्रज गेले तेव्हा कलातचे खान मीर अहमदयारखान ह्यांनी कलात स्वतंत्र असल्याचे जाहीर केले. कलातच्या सभागृहात सामिलीकरणाविरुद्ध मत पडले. मार्च १९४८ मध्ये पाकिस्तानने खारान, लासबेला व मकरान ह्यांचे सामिलीकरण निराळे मान्य करून कलातला चोहोंकडून कोंडले. आणि नेमक्या ह्या वेळी जी घटना घडली, ती नभोवाणीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. २७ मार्च १९४८ च्या रात्री ऑल इंडिया रेडिओच्या बातम्यांत असे सांगण्यात आले की, कलातच्या खानाने हिंदुस्थानात सामील होण्याविषयी विचारणा केली होती, पण हिंदुस्थान सरकारने तीत लक्ष घातले नाही. बातमीचा आधार म्हणून व्ही. पी. मेनन ह्यांच्या पत्रकार परिषदेचे नाव दिले होते. पंडित नेहरूंनी काही दिवसांतच दिल्लीच्या सभागृहात खुलासा केला की असे काही घडलेले नाही. पण तोपर्यंत बाण सुटला होता. खानाने ते शब्द ऐकिले. आपण पाकिस्तानच्या डोळ्यांत द्रोही ठरलो हे ओळखून त्याने त्याच वेळी सामिलीकरणाची तयारी दर्शविली. एका चुकीच्या वाक्यानेच कलातचे भवितव्य ठरले असे नाही. सैन्य आधीच हलू लागले होते. तथापि दिल्लीहून निष्काळजीपणे निघालेला एक शब्द क्वेट्ट्यापलीकडे किती जड पडू शकतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४८ साली खानाचा भाऊ अब्दुल करीम बंडास उठला. १९५८ साली वृद्ध नौरोजखान उठला. कुराणावर हात ठेवून अभय दिल्यामुळे तो डोंगरांतून खाली आला असे बलुच सांगतात. तो तुरुंगात मेला व त्याचे पुत्र-नातलग १९६० साली फासावर गेले. दोदा मरीने शत्रूस दिलेला शब्द आणि हा शब्द, ह्यांची तुलना बलुच मनात सदैव चालू असते. १९६३ नंतर मरी डोंगरांत तिसरा उठाव झाला. १९७३ मध्ये क्वेट्ट्याचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ इस्लामाबादने बरखास्त केले आणि चार वर्षे घनघोर युद्ध चालले. त्यात पाकिस्तानच्या मदतीस इराणच्या शहाने हेलिकॉप्टरे पाठविली, कारण त्याच्याही राज्यात बलुच होते.

ह्या असंतोषाच्या मुळाशी पोटाचा प्रश्नही आहे. बुगटींच्या मुलखात सुई येथे १९५२ साली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. थोड्याच वर्षांत तो वायू कराचीच्या गिरण्यांस आणि पंजाबच्या चुलींस पोहोचला. खुद्द क्वेट्टा शहरास तो मिळावयास १९८० नंतरचे दशक उजाडावे लागले, आणि सुईच्या सभोवतालच्या खेड्यांतील बायका त्याहीनंतर लाकूडफाटा गोळा करीत राहिल्या. क्षेत्रफळाने हा प्रांत सुमारे ३ लक्ष ४७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून मोठा व पाकिस्तानच्या शेकडा ४४ इतका. पण २०२३ च्या खानेसुमारीप्रमाणे लोकवस्ती दीड कोटीच्या आत. जमीन आमची, धन आमचे आणि मताधिक्य दुसऱ्यांचे, ही तक्रार येथून निघते.

बुगटींचे तुमणदार नवाब अकबरखान ह्यांचे चरित्र ह्या प्रश्नाची गुंतागुंत दाखविते. १९७३ साली बलुच मंत्रिमंडळ मोडले तेव्हा इस्लामाबादने नेमलेले गव्हर्नर तेच होते. तेच पुढे सरकारविरुद्ध डोंगरांत गेले आणि २६ ऑगस्ट २००६ रोजी, ऐंशीच्या घरात असता, कोहलूच्या डोंगरांतील एका गुहेत मारले गेले. जिवंतपणी जे एका टोळीचे सरदार होते, ते मृत्यूनंतर सर्व बलुचांचे हुतात्मे झाले. तेव्हापासून चळवळीची सूत्रे सरदारांकडून शिकलेल्या मध्यमवर्गाकडे आणि, विशेष म्हणजे, स्त्रियांकडे गेली. नाहीशा झालेल्या तरुणांचे आप्त मामा कदीर ह्यांच्याबरोबर २०१३ च्या अखेरीस क्वेट्ट्याहून कराचीमार्गे इस्लामाबादेपर्यंत पायी चालत गेले. २०२३ च्या डिसेंबरात तुर्बतहून असाच मोर्चा निघाला. त्याच्या अग्रभागी महरंग बलोच ही तरुण डॉक्टर होती. मार्च २०२५ मध्ये तिला अटक झाली.

परंतु न्याय्य गाऱ्हाण्याच्या नावाखाली जे अन्याय झाले, तेही झाकून ठेवता येत नाहीत. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मुसाखेल जिल्ह्यात बसगाड्या थांबवून, ओळखपत्रे पाहून, वीसांहून अधिक पंजाबी मजुरांस व वाटसरूंस गोळ्या घालण्यात आल्या. मार्च २०२५ मध्ये बोलन भागात जाफर एक्सप्रेस अडवून शेकडो प्रवाशांस ओलीस धरले गेले. पोटासाठी परमुलखात गेलेल्या मजुराचा अपराध तो काय? ज्यांच्या घरची माणसे मुंबई-पुण्यास, सुरतेस किंवा आखातात पोट भरण्यास गेलेली आहेत, त्यांस ह्याची वेदना समजू शकेल. ओळखपत्रावरील नावाने मनुष्याचे मरण ठरविणारा राष्ट्रवाद ज्या अन्यायाविरुद्ध उठला, त्याच्याच वाटेने जातो.

प्रादेशिक सुरक्षिततेच्या दृष्टीने ह्या मुलखाचे महत्त्व त्याच्या किनाऱ्यात आहे. मकरानच्या किनाऱ्यावरील ग्वादर हे बंदर पाकिस्तानने १९५८ साली ओमानकडून विकत घेतले. २०१५ पासून चीनने आखलेल्या महामार्गाचे ते समुद्राकडील टोक ठरले. त्याच्या पश्चिमेस, इराणच्या बलुच प्रांतात, चाबहार आहे. त्या बंदराच्या कामासाठी हिंदुस्थानने २०१६ साली इराण व अफगाणिस्थान ह्यांच्याशी करार केला. म्हणजे एकाच बलुच किनाऱ्यावर दोन बंदरे आणि त्यांमागे दोन मोठी राष्ट्रे. कोळ्याच्या जाळ्यात मासळी यावी की नाही हे आता पेकिंग, दिल्ली व तेहरान येथे ठरू लागले. जानेवारी २०२४ मध्ये इराणने पाकिस्तानच्या बलुच मुलखावर आणि दोन दिवसांनी पाकिस्तानने इराणच्या बलुच मुलखावर क्षेपणास्त्रे व बाँब टाकिले. दोन्ही वेळी म्हणणे एकच, की शत्रू पलीकडे लपला आहे. आणि दोन्ही वेळी मेलेल्यांत लहान मुले होती.

ह्या खेळात आपलेही नाव गुंतलेले आहे. १५ ऑगस्ट २०१६ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी बलुचिस्थानचा उल्लेख केला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कुलभूषण जाधव ह्या मराठी कुटुंबातील माजी नौदल अधिकाऱ्यास बलुचिस्थानात हेर म्हणून पकडल्याचे पाकिस्तानने जाहीर केले. त्यांस इराणातून पळवून नेले असे आपल्या सरकारचे म्हणणे आहे. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांस देहान्ताची शिक्षा दिली. १७ जुलै २०१९ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी असा निर्णय दिला की, हिंदुस्थानी वकिलातीस त्यांची भेट नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे, आणि शिक्षेचा फेरविचार झाला पाहिजे. बलुचिस्थान आणि मराठी मनुष्य ह्यांचा संबंध आज पानिपताच्या दंतकथेपुरता राहिलेला नाही, हे ह्यावरून दिसेल.

म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. ज्या देशात ‘हिंदुस्थानचा हस्तक’ हा एक शब्द मनुष्यास घरातून नाहीसा करण्यास पुरेसा होतो, त्या देशातील एका लहान गटास आपण येथून मोठ्याने ‘आमचे मराठे, आमचे भाऊ’ म्हणू लागलो, तर त्याचा परिणाम कोणावर होईल? आपणांवर खचित होणार नाही. आपण व्याख्यान ऐकून टाळ्या देऊ आणि घरी जाऊ. तेथील शाळामास्तर, शेतकरी किंवा कारकून मात्र दोहोंकडून संशयित ठरेल. सरकार म्हणेल, हे शत्रूचे. आणि शेजारचा बलुच म्हणेल, हे अस्सल आपले नव्हेतच. अडीचशे वर्षांपूर्वी ज्यांस दुसऱ्यांनी उचलून तेथे नेले, त्यांस आज आपण शब्दांनी उचलून पुन्हा उघड्यावर आणू नये.

मग आपण ह्या विषयाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. अभ्यासकांनी ह्या परंपरेचा शोध घ्यावा. फारसी कागद, अफगाण बखरी, बलुची भाटांच्या वंशावळी ताडून पाहाव्यात. तरुणांनी बलुची आणि ब्राहुई शिकाव्यात; ब्राहुईचे द्राविडी नाते हा भाषाशास्त्रातील अत्यंत मनोरंजक प्रश्न दक्षिणेतील विद्यापीठांची वाट पाहत आहे. नागरिक म्हणून आपण नाहीशा झालेल्या तरुणाच्या आईविषयी आणि बसमधून उतरवून मारलेल्या मजुराच्या आईविषयी एकाच मापाने बोलावे. शत्रूचे वर्म म्हणून एखाद्या समाजाच्या दुःखाचा उपयोग करणे आणि त्या दुःखाची कदर करणे, ह्यांत अंतर आहे. पहिले फार दिवस टिकत नाही, कारण उपयोग संपला की कदरही संपते. आणि ते त्या समाजासही लवकरच कळते.

मी राहतो ते धायरी हे गाव सिंहगडाच्या वाटेवरचे. ते टप्प्याटप्प्याने पुणे महानगरपालिकेत सामील झाले. शेतांच्या जागी उंच इमारती उठल्या आणि नाना प्रांतांचे लोक वस्तीस आले. ह्या नव्या लोकांची मुले आज धारेश्वराच्या यात्रेस जातात आणि गाव विचारले तर धायरी सांगतात. त्यांच्या आजोबांचे गाव कोणते, हे विचारणे कुतूहल म्हणून ठीक आहे. परंतु ‘तुम्ही खरे कोठले?’ असे दर वेळी विचारून त्यांस उंबरठ्यावर उभे ठेवणे बरे नव्हे. जो न्याय आपण आपल्या दारी आलेल्यास लावू, तोच डेरा बुगटीच्या दारी गेलेल्यास लावला पाहिजे.

पानिपतावर आपण माणसे गमाविली. ती परत मिळाली अशी कल्पना करून घेण्यात सांत्वन आहे, ह्यात शंका नाही. परंतु ती माणसे गेली तेथे जगली, राबली, आणि त्या मातीची झाली, हेही लहान सांत्वन नव्हे. त्यांच्या कुशलाची इच्छा करावी, त्यांच्या शेजाऱ्यांस न्याय मिळावा असे म्हणावे, आणि त्यांनी आपले नाव काय सांगावे, हे त्यांच्यावर सोपवावे.